दोष शोधू नका, आठवडे मोजा

चाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी चुकली, तर दिवस राहिले असतील हे आधी तिच्याही मनात येत नाही. पाळी जायची वेळ जवळ आली, रक्त कमी झालं असेल, धावपळ जास्त झाली, अशी कारणं आधी सुचतात. गेले काही महिने ती मागेपुढे होतच असते. मळमळलं तर पित्त, पोट सुटलं तर वय. मग केव्हातरी सोनोग्राफी होते आणि कळतं की सोळावा, कधी अठरावा आठवडा चालू आहे. तिथून पुढे संकोच सुरू होतो. घरात कॉलेजात जाणारी मुलगी आहे, सासरचे काय म्हणतील, ऑफिसात कसं सांगायचं, यात आणखी दोन आठवडे जातात. या पुस्तिकेचा विषय चाळिशीनंतरचं गरोदरपण आणि डाउन सिंड्रोमची शक्यता हा आहे. पण ती लिहावीशी वाटली ती या वाया जाणाऱ्या आठवड्यांमुळे.

दुसऱ्या टोकाला वेगळी घरं आहेत. उशिरा झालेलं लग्न, दुसरं लग्न, एकुलतं एक मूल गेल्यानंतरचा निर्णय, किंवा वर्षानुवर्षं चाललेले उपचार. या बायकांना दिवस राहिल्याचं पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं. एकेक दिवस मोजलेला असतो. त्यांना तपासण्यांची माहिती नसते असं नाही, त्यांना तपासणीची भीती वाटते. इतक्या नवसासायासाने मिळालेलं, त्यात आता काही ऐकायचं नाही, असं त्या म्हणतात. ही भीती मला पूर्ण समजते. तरीही पुढची पानं त्यांनीही वाचावीत, कारण न विचारल्याने शक्यता कमी होत नाही. हातातला वेळ तेवढा कमी होतो.

ही पुस्तिका म्हैसूरमधल्या मराठी घरांसाठी आहे. इथे मराठी माणूस नवा नाही. काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. काही बदलीच्या नोकरीने आलेली: सीएफटीआरआय, रेल्वे, बँका, नोटांचा छापखाना, आणि आता इन्फोसिस. दवाखान्यात डॉक्टर कन्नडमधून किंवा इंग्रजीतून समजावतात, रिपोर्ट इंग्रजीत येतो, आणि रात्री नवरा-बायको दिवाणखान्यात बसून त्याचा अर्थ मराठीत लावतात. रिपोर्टावर ‘हाय रिस्क’ छापलेलं असतं. पुण्याला किंवा बेळगावला फोनवर ते पोचेपर्यंत ‘बाळात दोष आहे’ असं झालेलं असतं. मग सल्ले सुरू होतात. चेलुवांबासारखं मोठं सरकारी स्त्री-बालरुग्णालय हाकेवर असताना, ज्याला यातलं काही ठाऊक नाही असा नातेवाईक निर्णय देऊन मोकळा होतो.

चाळिशीतलं बाळंतपण ही काही नव्या काळाची देणगी नाही. आपल्या आज्या-पणज्यांची शेंडेफळं बहुधा चाळिशीच्या आसपासचीच. सासू आणि सून एकाच वर्षी बाळंत झाल्याच्या गोष्टी कोकणात, घाटावर, सगळीकडे सांगितल्या जातात. फरक इतकाच की त्या बायकांचं ते आठवं-दहावं मूल असे, आणि आजच्या बाईचं पहिलं किंवा दुसरं असतं. डाउन सिंड्रोम असलेली बाळं तेव्हाही जन्मत होती. हृदयाच्या दोषाने किंवा न्यूमोनियाने त्यातली कितीतरी लहानपणीच दगावत, आणि ‘मूल अशक्त होतं’ यापलीकडे त्याची नोंद राहत नसे. जी जगली ती ‘भोळी’ म्हणून घरातच राहिली.

इंग्लंडमध्ये जॉन लँग्डन डाउन या डॉक्टरांनी या मुलांचं वर्णन १८६६ साली प्रसिद्ध केलं. आईच्या वयाशी असलेला संबंध सिद्ध व्हायला त्यानंतर सदुसष्ट वर्षं लागली. १९३३ साली लायोनेल पेनरोज यांनी कुटुंबांच्या नोंदी तपासून दाखवलं की वडिलांचं वय नव्हे, मूल कितवं आहे तेही नव्हे, तर आईचं वय इथे निर्णायक ठरतं. कारण मात्र १९५९ मध्ये पॅरिसमध्ये उलगडलं. जेरोम लेजेन, मार्थ गोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं दिसली. एकविसाव्या क्रमांकाची जोडी नसून तिथे तीन गुणसूत्रं होती.

या तारखांच्या मधेच म्हैसूरची एक तारीख आहे, आणि ती मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते आणि त्यापायी समाजाचे जोडे खात होते. त्याच काळात, ११ जून १९३० रोजी, म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रं उघडण्याचा हुकूम काढला. चौथे कृष्णराज वडियार महाराज होते आणि मिर्झा इस्माईल दिवाण. जगातली ही पहिली सरकारी केंद्रं मानली जातात. मूल कधी व्हावं हे बाईच्या प्रकृतीकडे पाहून ठरवता येतं आणि त्यात सरकारने मदत करावी, हा विचार या शहराने इतक्या आधी मान्य केला होता. तोच विचार आज पुढे न्यायचा आहे.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. इथे थोडं रेंगाळणं भाग आहे, कारण साऱ्या दोषारोपांची मुळं याच अज्ञानात आहेत.

पुरुषाचं बीज रोज नवं तयार होतं, स्त्रीचं तसं नसतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मापर्यंत त्यातली दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. नव्याने भर पडत नाही. शिवाय प्रत्येक बीजातली गुणसूत्रांची विभागणी पोटात असतानाच सुरू होते आणि मधेच थांबते. ती पुन्हा पुढे सरकते ते बीज पिकून बाहेर पडण्याच्या वेळी. विशीत सुटणारं बीज वीस वर्षं थांबलेलं असतं, बेचाळिशीत सुटणारं बेचाळीस वर्षं. तेवढा काळ गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवण्याचं काम कोहेसिन नावाची प्रथिनं करतात. जुन्या कापडाची शिवण जशी विरत जाते तशी ही पकड वयाबरोबर ढिली होते. मग विभागणीच्या क्षणी एखादी जोडी नीट वेगळी होत नाही आणि बीजात एक गुणसूत्र जास्तीचं जातं. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांत हेच घडलेलं असतं.

यात कुणी काय केलं? कुणीच काही नाही. गरोदरपणी पपई खाल्ली, ग्रहणात विळी हातात घेतली, बसने प्रवास केला, रागावली, रडली, यांपैकी कशानेही गुणसूत्र वाढत नाही. जे व्हायचं ते गर्भ राहण्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. बाळ झाल्यावर ‘तुझ्यामुळे’ हे ज्या बाईला ऐकावं लागतं, तिच्यासाठी एवढा एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, तरी या पुस्तिकेचे श्रम भरून पावतील.

याच टप्प्यावर म्हैसूर विद्यापीठाचं नाव येतं. मानसगंगोत्री या विद्यापीठाच्या आवारातल्या सुत्तूर मालिनी आणि नल्लूर रामचंद्र या संशोधकांचा एक अभ्यास २००६ साली ‘बीएमसी मेडिकल जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात डाउन सिंड्रोमची बरीच मुलं तरुण आयांना होतात, त्याचं कारण शोधताना त्यांनी एक पिढी मागे जाऊन पाहिलं. डाउन सिंड्रोम असलेलं मूल ज्या घरात आहे ती घरं आणि तसं मूल नसलेली घरं, यांतल्या आई-वडिलांची आणि त्यांच्या आधीच्या पिढीची वयं त्यांनी ताडून पाहिली. आईच्या जन्माच्या वेळी तिच्या आईचं, म्हणजे मुलाच्या आजीचं, वय जास्त असणं हा घटक त्यांना ठळकपणे दिसला. वर सांगितलेली गोष्ट आठवली की या निष्कर्षामागचा तर्क कळतो: आज जे बीज फळलं, ते घडलं होतं आजीच्या पोटात.

हा अभ्यास मला मोलाचा वाटतो, पण तो जपून हाताळायला हवा. डाउन सिंड्रोमचं मूल असलेली कुटुंबं सत्तरच्या आसपास होती. एका शहरातल्या एवढ्या कुटुंबांवरून कुणाचं भाकीत करता येत नाही. कुठलाही डॉक्टर आजीचं वय विचारून शक्यता मोजत नाही आणि मोजूही नये. त्यापेक्षा मोठी धास्ती वेगळीच आहे. आईवरचा ठपका काढून आजीवर ठेवण्याची सोय आपल्या घरांतून फार चटकन केली जाईल. संशोधनाने दोष देण्यासाठी आणखी एक बाई मिळवून दिली, असं होऊ देऊ नका.

तरुण आयांविषयीही एक गोष्ट स्पष्ट करते. एकेका बाईचा विचार केला तर वयाबरोबर शक्यता वाढतेच. पण बाळंतपणंच मुळी विशी-तिशीत जास्त होतात, म्हणून एकूण संख्येत तरुण आयांची मुलं अधिक भरतात. शिवाय तीन-चार टक्के मुलांत जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटून आलेलं असतं. आई किंवा वडील त्याचे वाहक असू शकतात, आणि तिथे वयाचा संबंध नसतो. म्हणून आधीचं मूल डाउन सिंड्रोमचं असेल, तर त्याचा गुणसूत्रांचा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

आकडे सांगते. विसाव्या वर्षी सुमारे पंधराशेत एक, तिसाव्या वर्षी नऊशे ते हजारात एक, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक, पंचेचाळिसाव्या वर्षी तिसात एक. वेगवेगळ्या तक्त्यांत हे आकडे थोडे इकडेतिकडे दिसतील. काही तक्ते जन्माच्या वेळची शक्यता देतात, काही बाराव्या किंवा सोळाव्या आठवड्यातली. आणि असे बरेच गर्भ मधल्या काळात आपोआप पडून जात असल्याने आधीचा आकडा नेहमी मोठा असतो. पण सरळ अर्थ हा की चाळिसाव्या वर्षी गरोदर राहिलेल्या आणि बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी नव्व्याण्णव जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. ‘या वयात मूल म्हणजे तसलंच होणार’ असं म्हणणारे चूक आहेत. ‘आमच्या आत्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी झालं, काही झालं नाही’ म्हणून तपासणी उडवून लावणारेही चूक आहेत. शंभरात एक ही शक्यता तिसाव्या वर्षाच्या मानाने दहापट आहे. ती नजरेआड करण्याइतकी लहान नाही.

आणि वय ही तर फक्त सुरुवात. त्यावर पुढच्या तपासण्यांनी आकडा वर किंवा खाली सरकतो. पहिली संधी अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत असते. त्या काळात एनटी स्कॅन होतो आणि रक्ताची डबल मार्कर तपासणी. एनटी स्कॅन कसा होतो ते एकदा पाहण्यासारखं आहे. बाळ तेव्हा डोक्यापासून बुडापर्यंत फार तर साडेआठ सेंटिमीटरचं. त्याच्या मानेमागे त्वचेखाली द्रवाचा एक काळा पट्टा पडद्यावर दिसतो, आणि मोजायची असते ती त्याची जाडी, मिलिमीटरच्या अपूर्णांकात. बाळ बरोबर कुशीवर हवं, मान फार वाकलेली नको, फार ताणलेलीही नको. नाही मिळालं तर डॉक्टर आईला खोकायला सांगतात, उठून पाणी पिऊन, दहा मिनिटं व्हरांड्यात चालून परत यायला सांगतात. बाहेर थांबलेल्या नवऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. बाळ पाठमोरं असतं, इतकंच. घाईत घेतलेलं माप चुकीचं ठरतं आणि त्यावर पुढची सारी गणितं चुकतात, म्हणून हा वेळ डॉक्टरांना द्या.

या मापावर आणि रक्तातल्या दोन घटकांवर संगणक आकडा काढतो. एक्केचाळीस वर्षांच्या बाईची वयानुसार शक्यता ऐंशीत एकच्या आसपास असते. तपासणीनंतर ती सहाशेत एक होऊ शकते आणि विसात एकही होऊ शकते. साधारण अडीचशेत एक या रेषेच्या वर गेलं की रिपोर्टात ‘हाय रिस्क’ छापलं जातं. चाळिशीनंतर कितीतरी जणींच्या रिपोर्टावर तो शिक्का येतो आणि त्यातल्या बहुतेकींची बाळं निरोगी असतात. हा शिक्का म्हणजे पुढची तपासणी करा, एवढंच सांगणं.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवरची एक जागा मात्र फार काळजीने भरा. दान मिळालेल्या बीजापासून गर्भ राहिला असेल, तर शक्यता बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयावरून मोजायची असते, गर्भ वाढवणाऱ्या आईच्या नव्हे. स्वतःचंच बीज काही वर्षांपूर्वी गोठवलेलं असेल, तर ते काढलं त्या वेळचं वय. घरच्यांपासून लपवलेलं म्हणून ही गोष्ट फॉर्मवरही लपवली जाते, आणि चोवीस वर्षांच्या बीजाला चव्वेचाळीस वर्षांचा हिशेब लागतो. मग नको ती धास्ती आणि नको ती सुई. डॉक्टरांना एकांतात सांगा. ते गुप्त ठेवणं त्यांचं काम आहे.

आता ‘एनआयपीटी’ ही रक्ततपासणी जवळजवळ प्रत्येक शहरात मिळते. गर्भाच्या वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, हे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवलं, आणि त्यावर ही तपासणी उभी राहिली. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते. डाउन सिंड्रोमचे शंभरातले सुमारे नव्व्याण्णव गर्भ तीत सापडतात. महाग आहे. पण चाळिशीनंतर ज्यांना परवडेल त्यांनी ती करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तीही चाळणीच आहे. चाळिशीत ‘हाय रिस्क’ आलं तर ते खरं असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर असते, तरी उरलेल्या थोड्यांत आपण असू शकतो. निर्णय घेण्याआधी खात्रीची तपासणी हवीच: अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल काढून. या सुईने गर्भ पडण्याची भीती सगळ्यांना असते. अनुभवी हातांत तो धोका शेकड्याला अर्ध्याहूनही कमी आहे.

गर्भजल तपासणीविषयी मराठी घरांत एक वेगळीच दहशत आहे, आणि तिला इतिहास आहे. १९७०च्या दशकात ही तपासणी भारतात आली ती गर्भातले दोष शोधण्यासाठी, म्हणजे नेमकी या पुस्तिकेतल्या बायकांसाठी. बघता बघता मुंबईपासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत ती मुली ओळखून काढून टाकण्यासाठी वापरली गेली. स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. लिंग सांगण्यावर त्याने पूर्ण बंदी घातली, पण त्याच कायद्याने पस्तीस वर्षांवरच्या गरोदर स्त्रीला गर्भातल्या दोषांची तपासणी करून घेण्याची मोकळीक लिहून दिली आहे. सोनोग्राफीच्या आधी जो ‘एफ फॉर्म’ भरून घेतात, तो या कायद्याचाच भाग. तेव्हा ‘पाणी काढणं बेकायदेशीर आहे’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नका. विचारणंही गुन्हा आहे.

आता पुन्हा आठवड्यांकडे. गर्भजल सोळाव्या आठवड्यात काढलं, की तातडीचा रिपोर्ट दोन-चार दिवसांत येतो, गुणसूत्रांचा संपूर्ण रिपोर्ट दोन ते तीन आठवड्यांत. म्हणजे एकोणिसावा आठवडा. विचाराला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, देवळात जाऊन बसायला, काय हवं त्याला वेळ उरतो. हीच बाई विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा आली तर तोच रिपोर्ट तेविसाव्यात हाती पडतो. गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती सांगते: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं; वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं; चोवीसनंतर गर्भात गंभीर दोष असल्याचं राज्याच्या वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तरच. सज्ञान बाईची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, हे अनेक नवऱ्यांना आणि काही दवाखान्यांनाही अजून ठाऊक नाही.

उशीर कुठे नेतो हे महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात देशाने पाहिलं. सदतीस वर्षांची गरोदर स्त्री सव्विसाव्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. गर्भाला डाउन सिंड्रोम असल्याचं निदान झालं होतं. आईच्या जिवाला धोका नाही असं वैद्यकीय मंडळाचं मत पडलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली. ती बरोबर की न्यायालय बरोबर, यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातली एवढीच गोष्ट जाचते: ज्या प्रश्नाचं उत्तर चौदाव्या आठवड्यात तिच्या घरात ठरू शकलं असतं, त्यासाठी तिला दिल्लीचं दार वाजवावं लागलं.

काय ठरवावं हे ही पुस्तिका सांगणार नाही. गर्भ ठेवणारी बाई भाबडी नसते आणि न ठेवणारी निर्दय नसते. निकाल येण्याआधीच ‘काही निघालं तरी आम्ही ठेवणार’ असं ठरवलेल्या जोडप्यांनाही तपासणीचा उपयोग होतो. बाळाच्या हृदयात दोष आहे का ते आधी पाहता येतं आणि जिथे लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत तिथे बाळंतपणाची सोय करता येते. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो, आणि आज त्यातले बहुतेक शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. म्हणूनच प्रगत देशांत या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान, जे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पंचविशीच्या आसपास होतं, ते आज साठीला पोचलं आहे.

ही मुलं शिकतात. उशिरा बसतात, उशिरा चालतात, बोलणं सगळ्यांत उशिरा येतं, आणि प्रत्येकाची झेप वेगळी असते. बोलण्याच्या बाबतीत म्हैसूरच्या लोकांचं भाग्य मोठं आहे. मानसगंगोत्रीच्या आवारात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था साठच्या दशकापासून उभी आहे. केरळ, तमिळनाडू, महाराष्ट्रातून लोक मुलांना घेऊन तिथे येतात. या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येणं फार आढळतं, आणि ‘बुद्धीने कमी म्हणून बोलत नाही’ असं समजून ते वर्षानुवर्षं सुटून जातं. कान तपासला, मग आईला घरी काय करायचं ते शिकवलं, की वर्षभरात फरक दिसतो. घरात मराठी बोलायची की शाळेची कन्नड, हा प्रश्न इथली आई विचारतेच. मी म्हणते, घरात जी सहज येते तीच बोला. आईच्या तोंडची भाषा मुलाकडून काढून घेऊ नका.

चाळिशीतल्या आई-वडिलांचा खरा घोर मात्र निराळा आहे, आणि त्याबद्दल तपासणीच्या खोलीत कुणी बोलत नाही. मूल तिशीत येईल तेव्हा आपण सत्तरीत असू. पुढे त्याचं कोण करणार? पूर्वी ही मुलं आई-वडिलांच्या आधी जात, असं निर्दय पण खरं गणित होतं. आता ती त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं जगतील. मोठ्या भावंडावर हे न विचारता टाकून देणं त्या भावंडावर अन्याय आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सज्ञान झालेल्या अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण मिळतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. प्रौढ झालेल्या मुलांना राहायला, काम करायला जागा आपल्याकडे फारच थोड्या आहेत, आणि जे आई-वडील आज साठीत आहेत ते याच प्रश्नाने रात्ररात्र जागतात. एखाद्या जोडप्याने हा घोर मोजून गर्भ न ठेवण्याचा निर्णय घेतला, तर त्यांना नीतीचे धडे देण्याआधी समाजाने अशी किती घरं बांधली ते सांगावं.

चाळिशीच्या गरोदरपणात रक्तदाब, मधुमेह, गर्भपात, सिझेरियन यांचंही प्रमाण वाढतं. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे थांबत नाही.

वाचणाऱ्या बाईला माझी विनंती एवढीच: पाळी चुकून दहा दिवस झाले तर वयाचा विचार न करता घरच्या घरी लघवीची तपासणी करा. दिवस राहिले असतील तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून नक्की कितवा आठवडा आहे ते लिहून घ्या, आणि अकरावा आठवडा कोणत्या तारखेला पूर्ण होतो ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बाळ आधीच जन्मलेलं असेल आणि डाउन सिंड्रोमचं निदान आत्ता झालं असेल, तर मागची पानं सोडून द्या. त्याच्या हृदयाचा इको, थायरॉईडची रक्ततपासणी आणि कानाची तपासणी या महिन्यातच करून घ्या.